47 किलो 600 ग्रॅम

सोमवार, रात्री 11.30

जेवणानंतर कपाटातील जुने कागद आवरताना महाविद्यालयातील मुष्टियुद्धाचे प्रमाणपत्र हाती लागले. '48 किलो वजनगट, द्वितीय क्रमांक' असे त्यावर निळ्या शाईत लिहिलेले आहे. मुलांनी ते कौतुकाने पाहिले, आणि मी त्यांना खरी हकीकत सांगितली नाही. त्या वर्षी आमच्या गटात तीनच नावे आली होती. उपांत्य फेरीत मला पुढे चाल मिळाली आणि अंतिम लढतीत दुसऱ्या फेरीतच पंचांनी माझी दया येऊन लढत थांबवली. म्हणजे एकही लढत न जिंकता मी उपविजेता ठरलो. सकाळच्या वजनाच्या वेळी इतर गटांतील मुले उपाशीपोटी मैदानाला फेऱ्या मारून घाम गाळत होती, आणि मी काट्याशेजारी बसून दोन केळी खात होतो, कारण माझे वजन मुळातच दीड किलोने कमी भरले होते.

हलक्या वजनगटातील अपराजित कारकिर्दीकडे मी आजवर काहीशा संशयाने पाहत आलो, त्याचे मूळ बहुधा या प्रमाणपत्रात असावे. मेक्सिकोच्या रिकार्डो लोपेझचे नाव मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा त्याचे आकडे वाचूनही मला फारसे काही वाटले नव्हते. 52 व्यावसायिक लढती, 51 विजय, एक बरोबरी, पराभव शून्य; विजयांपैकी 38 नॉकआउटने. हेच आकडे एखाद्या हेवीवेट बॉक्सरचे असते तर त्याचे नाव शाळेतल्या मुलांना पाठ असते. रॉकी मार्सियानो 49 विजयांवर थांबला, आणि त्या 49 ची गोष्ट सत्तर वर्षे सांगितली जात आहे. लोपेझ मात्र जवळजवळ संपूर्ण कारकीर्द 105 पौंडांच्या गटात, म्हणजे साधारण 47 किलो 600 ग्रॅमच्या मर्यादेत लढला. सिमेंटची भरलेली गोणी 50 किलोची असते. त्याहून हलक्या दोन माणसांची लढत पाहायला कोण पैसे मोजणार, असा व्यवहारी प्रश्न आयोजकांना पडला असेल तर त्यांना सर्वस्वी दोष देता येत नाही.

आज प्रमाणपत्र परत फायलीत ठेवताना वाटले की आपला संशय एकदा नीट तपासून पाहावा. त्याच्या लढतींची जुनी चित्रणे पाहण्यास आजच सुरुवात केली.

बुधवार, रात्री 12

कालची आणि आजची अशा दोन रात्री 1990 च्या आसपास गेल्या. लोपेझ 18 जानेवारी 1985 रोजी वयाच्या अठराव्या वर्षी व्यावसायिक मुष्टियुद्धात उतरला, तेव्हा तो पुढे ज्या गटाचा राजा झाला तो गट अस्तित्वातच नव्हता. 105 पौंडांच्या गटात जागतिक विजेतेपदाच्या लढती 1987 पासून सुरू झाल्या. जो मुलगा त्याआधी जन्मता तर 112 किंवा 108 पौंडांच्या गटात स्वतःपेक्षा जड माणसांचे ठोसे खात राहिला असता, त्याच्यासाठी हे नवे दार उघडले. तोवर आर्तुरो 'कुयो' हर्नांडेझ या नामांकित मॅनेजरच्या हाताखाली त्याची घडण झाली होती. रुबेन ऑलिव्हारेस आणि कार्लोस झाराते हे बँटमवेटचे, म्हणजे 118 पौंडांच्या गटाचे, मोठे विजेते याच हर्नांडेझने पुढे आणले होते. नंतर लोपेझचे प्रशिक्षण इग्नासियो 'नाचो' बेरिस्ताईन यांच्याकडे गेले. हुआन मान्युएल मार्केझ या दुसऱ्या थोर मेक्सिकन मुष्टियोद्ध्याला घडवणारेही हेच बेरिस्ताईन, आणि दोन्ही शिष्यांच्या हालचालींत एकाच गुरूची शिस्त सहज ओळखू येते.

विजेतेपदाची लढत टोकियोतील कोराकुएन हॉलमध्ये 25 ऑक्टोबर 1990 रोजी झाली. समोर गतविजेता हिदेयुकी ओहाशी, त्याचाच देश, त्याचेच प्रेक्षक. आव्हानवीर परदेशात जातो तेव्हा गुणांवर जिंकण्याची आशा त्याने फारशी ठेवू नये, असा या धंद्यातला जुना शहाणपणा आहे, आणि लोपेझने परीक्षकांच्या गुणपत्रिकेपर्यंत गोष्ट जाऊच दिली नाही. पाचव्या फेरीत ओहाशीची लढत संपली. ओहाशी लेचापेचा नव्हता. या खेळात जागतिक विजेतेपद देणाऱ्या संघटना एकाहून अधिक आहेत; दोन वर्षांनी त्याने त्यांतील दुसऱ्या संघटनेचे विजेतेपद मिळवले, आणि पुढे योकोहामात त्याने काढलेल्या व्यायामशाळेतूनच नाओया इनोए हा आजचा महान जपानी बॉक्सर तयार झाला. म्हणजे पहिल्याच जागतिक लढतीत लोपेझला 'पुढे चाल' मिळाली, असे मला म्हणता येणार नाही. ही नोंद प्रामाणिकपणे करून ठेवतो.

आता त्याच्या डाव्या हाताविषयी. आज एक फेरी मी चित्र थांबवत थांबवत जवळजवळ अर्धा तास पाहिली. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, जातो, लक्ष्याला लागतो, आणि ज्या रेषेवरून गेला त्याच रेषेवरून परत गालाशी येतो. कोपर कधी बाहेर फाकत नाही, हात कधी कंबरेकडे लोंबत नाही. मग तोच हात कोपरात वाकून बाजूने बरगड्यांखाली हूक म्हणून जातो, आणि प्रतिस्पर्ध्याची कोपरे खाली आली की तोच हात, पाय न हलवता, हनुवटीखाली अपरकट म्हणून वर येतो. तीन ठोसे एकाच हाताचे, आणि तिन्हींच्या दरम्यान उजवा हात गालावर चिकटवल्यासारखा स्थिर. आमचे महाविद्यालयातील प्रशिक्षक दर दोन मिनिटांनी 'हात वर, हात वर' असे ओरडत असत, आणि आम्ही फेरीच्या तिसऱ्या मिनिटाला हमखास हात खाली सोडत असू. लोपेझचे हात बाराव्या फेरीतही तिथेच असतात. मेक्सिकन बॉक्सर म्हटला की मार खात पुढे घुसणारा, रक्तबंबाळ होऊनही मागे न हटणारा योद्धा अशी प्रतिमा डोळ्यांसमोर येते. हा त्यातला नाही. 'फिनितो' (स्पॅनिशमध्ये 'फिनो' म्हणजे नाजूक, तलम) हे त्याचे टोपणनाव या नेटक्या, नाजूक कारागिरीला साजेसे आहे.

शुक्रवार, रात्री 11

आजचा सर्व वेळ संशयाच्या बाजूने युक्तिवाद करण्यात गेला. तो युक्तिवाद कच्चा नाही.

लोपेझने 105 पौंडांचे विजेतेपद 21 वेळा राखले. ते राखताना त्याने कोरियन, थाई, फिलिपिनो, कोलंबियन असे अनेक आव्हानवीर हरवले, पण त्यातील बहुतेकांची नावे या खेळाच्या जाणकारांनाही आठवावी लागतात. ज्या गटात प्रौढ पुरुषांची संख्याच मुळात मर्यादित, तिथे एखादा असामान्य माणूस दहा वर्षे अजिंक्य राहणे तुलनेने सोपे असते. 2018 मध्ये थायलंडच्या वान्हेंग मेनायोथिनने अमेरिकेचा विख्यात बॉक्सर फ्लॉइड मेवेदर याचा 50 सलग विजयांचा आकडा ओलांडला तो याच 105 पौंडांच्या गटात, आणि जगाने त्याची दखल वर्तमानपत्रातील चौकटीपुरतीच घेतली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अवघे तीन पौंड वर, म्हणजे सव्वा-दीड किलो वर, 108 पौंडांच्या गटात त्याच काळात सोन्याचे दिवस होते. 13 मार्च 1993 रोजी लास वेगास हिल्टनमध्ये अमेरिकेच्या मायकेल कार्बाहालने दोनदा खाली पडून, उठून, मेक्सिकोच्या उंबेर्तो 'चिकिता' गोन्झालेझला सातव्या फेरीत नॉकआउट केले. पुढच्या वर्षी गोन्झालेझने त्याचा दोनदा वचपा काढला. या लढतींनी एवढ्या हलक्या बॉक्सरांनाही दहा लाख डॉलर मिळू शकतात हे सिद्ध केले. लोपेझ त्या दोघांपैकी एकाशीही लढला नाही. त्याने 108 पौंडांत पाऊल टाकले ते 1999 मध्ये, गोन्झालेझ निवृत्त झाल्यानंतर. याचे पाप आयोजकांच्या माथी मारता येईल, पण प्रेक्षक म्हणून माझ्या हाती राहते ते एवढेच की जी लढत व्हायला हवी होती ती झाली नाही.

पण याच कोंडीत एक धागा मला आज सापडला, आणि त्यामुळे मी थोडा वरमलो आहे. जुलै 1993 मध्ये लोपेझने थायलंडच्या समान सोरजातुरोंगला दुसऱ्याच फेरीत संपवले होते. त्या वेळी ही लढत किरकोळ समजली गेली. बरोबर दोन वर्षांनी, जुलै 1995 मध्ये, हाच सोरजातुरोंग 108 पौंडांत गेला आणि त्याने कॅलिफोर्नियातील इंगलवुड येथे एका विलक्षण लढतीत चिकिता गोन्झालेझला सातव्या फेरीत हरवून त्याचे विजेतेपदाचे दोन्ही पट्टे हिसकावून घेतले, आणि त्यातला एक 1999 पर्यंत राखला. गोन्झालेझची कारकीर्द त्या रात्री संपली. मुष्टियुद्धात 'अ ने ब ला हरवले, ब ने क ला हरवले, म्हणून अ हा क पेक्षा श्रेष्ठ' असे गणित चालत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही लोपेझने ज्यांना हरवले ते सगळे नुसतेच नावापुरते होते, हे माझे विधान मला मागे घ्यावे लागेल.

जाता जाता लिहून ठेवतो. 16 मार्च 1996 रोजी लास वेगासच्या एमजीएम ग्रँडमध्ये माइक टायसन आणि फ्रँक ब्रुनो या हेवीवेट बॉक्सरांची मुख्य लढत होती, आणि त्याच रात्री आधी लोपेझने अला व्हिलामोर या फिलिपिनो आव्हानवीराला आठव्या फेरीत नॉकआउट केले. त्या रात्रीची चर्चा झाली ती क्रिस्टी मार्टिन आणि डिएर्ड्रे गोगार्टी या दोन महिलांच्या सहा फेऱ्यांची. नाकातून रक्त वाहत असताना लढून जिंकलेली मार्टिन पुढच्याच महिन्यात अमेरिकेतील सर्वांत मोठ्या क्रीडा साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकली. ते तिचे हक्काचेच होते. पण जागतिक विजेता असूनही लोपेझ त्या रात्री मुख्य लढतीची वाट पाहणाऱ्या लोकांचा वेळ घालवण्याच्या कामी आला, आणि असे त्याच्या बाबतीत एकदाच झाले नाही.

रविवार, पहाटे 1.15

रोसेंडो अल्वारेझ. आज फक्त तोच.

निकाराग्वाचा अल्वारेझ स्वतः अपराजित होता आणि 105 पौंडांच्याच गटात दुसऱ्या संघटनेचा विजेता होता. 7 मार्च 1998 रोजी मेक्सिको सिटीतील प्लाझा मेक्सिको या बैलझुंजीच्या अवाढव्य मैदानात दोघे समोरासमोर आले. लोक जमले होते ते त्याच कार्यक्रमात लढणाऱ्या हुलिओ सेसार चावेझ या मेक्सिकोच्या लाडक्या बॉक्सरसाठी. लोपेझचे वय एकतीस, आणि आपल्याच लोकांसमोर दुसऱ्या फेरीत तो खाली पडला. तेरा वर्षांच्या कारकिर्दीत तो पहिल्यांदाच खाली पडला होता.

तो क्षण मी चार वेळा मागे नेऊन पाहिला. इतक्या रात्री ज्या नेटकेपणाचे मी कौतुक करत होतो, तो नेटकेपणा त्या क्षणी त्याला वाचवू शकला नाही. अल्वारेझ त्याच्याहून रुंद, आडदांड, डोके पुढे घालून आत शिरणारा, आणि त्या शिरण्याला पुस्तकात ठरावीक उत्तर नसते. लोपेझ उठला. पुढील फेऱ्यांत तो जॅबच्या आधाराने हळूहळू लढतीत परत आला. मग डोक्याला डोके लागून त्याला मोठी जखम झाली, लढत थांबवावी लागली, आणि तोवरच्या गुणांवरून बरोबरी जाहीर झाली. त्याच रात्री चावेझचीही लढत बरोबरीत सुटली, म्हणजे मेक्सिको सिटीतील प्रेक्षक दोन्ही मोठे निकाल अर्धेच घेऊन घरी गेले.

13 नोव्हेंबरला लास वेगासमध्ये पुन्हा लढत ठरली. अल्वारेझ मर्यादेपेक्षा जास्त वजनाचा भरला. तिथे लोपेझला अंग काढून घेता आले असते. समोरच्याने अटच मोडल्यावर कोणी त्याला भित्रा म्हणाले नसते, आणि पुढे चाल घेऊन तो निमूटपणे अपराजित राहिला असता. तो लढला. बारा फेऱ्या झाल्या, तीन परीक्षकांपैकी दोघांनी त्याच्या बाजूने कौल दिला आणि एकाने अल्वारेझच्या. मी स्वतः कागदावर फेरीनिहाय गुण मांडत गेलो आणि माझ्याकडे लोपेझ दोनच गुणांनी पुढे निघाला, त्यातल्या एका फेरीबद्दल मी आताही साशंक आहे.

52 लढतींच्या यादीत मला आज सर्वांत मोलाच्या वाटतात त्या या दोन. एक त्याला जिंकता आली नाही, दुसरी कशीबशी जिंकता आली.

रविवार, रात्री 10

मुलांना प्रमाणपत्राची खरी हकीकत सांगून टाकली. धाकट्याने विचारले, 'मग तुम्ही केळी का खाल्ली?' याचे उत्तर मला देता आले नाही.

उरलेली कारकीर्द थोडकी आहे. 1999 मध्ये 108 पौंडांत जाऊन त्याने विल ग्रिग्सबीकडून आणखी एक विजेतेपद घेतले, आणि 2000 च्या अखेरीस 105 पौंडांतील एकेकाळचा दीर्घकाळचा विजेता रतनपोल सोर व्होरापिन याला हरवले. शेवटची लढत 29 सप्टेंबर 2001 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, दक्षिण आफ्रिकेच्या झोलानी पेटेलोविरुद्ध. बर्नार्ड हॉपकिन्स आणि फेलिक्स ट्रिनिदाद या बड्या बॉक्सरांच्या मुख्य लढतीचा तो कार्यक्रम 11 सप्टेंबरच्या हल्ल्यामुळे दोन आठवडे पुढे ढकलला गेला होता. पस्तीस वर्षांच्या लोपेझने पेटेलोला आठव्या फेरीत नॉकआउट केले, आणि त्या चित्रणातही डावा हात ठोसा मारून आल्यावर गालाशीच थांबतो. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. 2007 मध्ये आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला तेव्हा बरोबर रॉबर्टो दुरान आणि पर्नेल व्हिटेकर हे दिग्गज बॉक्सर होते, आणि निदान त्या दिवशी तरी त्याला योग्य पंगतीत बसवले गेले.

रतनपोलची लढत पाहायची राहिली आहे. ती तिसऱ्याच फेरीत संपते, त्यामुळे उद्या जेवणाआधीही उरकेल.