व्हिसलरचा उतार आणि क्लचची सवय

साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात वीस वर्षं मोटारसायकल चालवलेल्या माणसाला उतार काय शिकवायचा, असं मी भाच्याला ऐकवून बसलो होतो. कॅनडातल्या व्हिसलरच्या बाइक पार्कात, म्हणजे डोंगरउतारावरून सायकली खाली सोडायच्या जागी, तिसऱ्याच वळणावर तोंडात माती गेली.

चूक डाव्या हाताची. कॅनडातल्या सायकलींना पुढचा ब्रेक डावीकडे असतो, मागचा उजवीकडे. मी घाबरलो आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं डाव्या मुठीनं क्लच आवळला. क्लच कुठला तिथं! पुढचं चाक जागच्या जागी थांबलं, मी हँडलवरून पुढे. हेल्मेट पूर्ण चेहरा झाकणारं होतं म्हणून दात शाबूत. तेव्हा सायकल ताब्यात मिळाली की आधी सपाटीवर दहा मिनिटं नुसता ब्रेक दाबत फिरा. लाज वाटू देऊ नका.

व्हँकुव्हरहून ९९ नंबरचा हायवे धरला की सुमारे १२० किलोमीटर, दोनेक तासांचा रस्ता. समुद्र आणि डोंगर दोन्ही बघत जायचं, पण सकाळी लवकर निघा. उन्हाळ्यात लिफ्टला रांग लागते. सायकल लिफ्टवरूनच वर जाते. पेडल मारत चढायची ती सायकलच नाही.

भाड्याची सायकल म्हणजे पुढे-मागे साधारण २०० मिलिमीटर सस्पेन्शन. दुकानात वजन पौंडात विचारतात, ते हेल्मेट-पॅडसकट सांगा. माझं कपड्यांसह ८४ किलो, म्हणजे १८५ पौंड. त्यावर शॉकमधली हवा किंवा स्प्रिंग ठरते. तुम्ही पेडलांवर उभे राहिलात की मागचा शॉक साधारण तीस टक्के दबायला हवा. शॉकच्या दांड्यावरचं रबरी कडं किती सरकलं ते बघून कळतं. मी संकोचून चार किलो कमी सांगितले आणि दिवसभर प्रत्येक मोठ्या धक्क्याला मागून ठाण्ण आवाज ऐकला.

पहिली फेरी ईझी डझ इट नावाच्या वाटेवर, हिरव्या वर्तुळाची, म्हणजे सोपी. मग बी-लाइन, निळ्या चौकोनाची, म्हणजे मध्यम. ए-लाइन काळ्या हिऱ्याची, म्हणजे अवघड. तिच्यावरच्या उड्या मी लांबूनच पाहिल्या आणि तेवढ्यावर समाधान मानलं.

बी-लाइनच्या वळणांआधी जमिनीवर आडव्या वळ्या पडलेल्या असतात, घाटातल्या डांबराला पडतात तशाच. सगळे एकाच जागी ब्रेक मारतात म्हणून. मीही तिथंच दाबत होतो आणि कोपरापर्यंत हात झिणझिणत होते. मागून भाचा ओरडला, "मामा, सोड ना! वळणाच्या आधीच वेग उतरव, वळ्यांवर ब्रेक सोडून दे." सोडला. खाली चाकं धडधडत होती, वर मी जवळजवळ स्थिर. एवढं महागाचं सस्पेन्शन कशासाठी ते तेव्हा कळलं: ब्रेक दाबून धरला की मागच्या चाकाला वरखाली व्हायला मोकळीकच राहत नाही.

ब्रेकवर एकच बोट, बाकीची मुठीला. खोगीर खाली. दोन्ही पेडलं एका पातळीत, टाचा खाली, गुडघे सैल. बसायचं नाही, एकदा बसून पाहिलं, खोगिराने चांगलंच वर उडवलं. नजर पुढच्या चाकावर नको, दगडाकडे बघत राहिलात तर दगडावरच जाता.

अर्ध्या दिवसाचं तिकीट मिळालं तर पहिल्यांदा तेच घ्या. दुपारी तीननंतर बोटं ऐकेनात. थर्मासचं झाकणसुद्धा भाच्यानं उघडलं, गाडीही त्यानंच परत आणली.

भारतातून आई-वडील किंवा मित्र येणार असतील आणि त्यांनाही न्यायचा बेत असेल, तर प्रवास विम्याचा कागद नीट वाचा. साहसी खेळ वगळल्याचं कलम बारीक अक्षरात असू शकतं.