रेलून चालवायच्या सायकलीवर गुहागर ते रत्नागिरी

रिकम्बंट, म्हणजे पाठ टेकून, पाय पुढे सोडून चालवायची सायकल, मी गेल्या मार्गशीर्षात गुहागरहून वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ आणि जयगडमार्गे रत्नागिरीला नेली. 1934 साली आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने शर्यतींतून बाद केलेली ही सायकल सपाटीवर सुसाट पळते. नवशिक्याचा घाम निघतो तो पहिल्या दहा फुटांत.

निघण्यापूर्वी तीन सकाळी मी सड्यावरच्या मोकळ्या, किंचित उताराच्या रस्त्यावर सराव केला. पहिल्या दिवशी हँडल इतके घट्ट धरले होते की प्रत्येक पेडलबरोबर पुढचे चाक डावी-उजवीकडे झुलत होते. खांदे सैल सोडून पाठ पूर्ण टेकली, हँडलला नुसती बोटे लावली आणि नजर चाकावरून काढून लांबच्या जांभ्याच्या गडग्यावर ठेवली, तेव्हा सायकल सरळ धावू लागली. सुरुवात हलक्या गिअरमध्ये, एक पेडल वर आणून त्यावर जोर देत करावी आणि दुसरा पाय लगेच उचलावा. तो जमिनीवर घुटमळला की तोल गेलाच.

माझ्या सायकलीचे पुढचे चाक पेडलच्या मागे, अगदी टाचेजवळ आहे. मालगुंडच्या बाजारात आखूड वळण घेताना पेडल मारतच राहिलो, टाच चाकाला लागली आणि वडापावच्या गाडीसमोर कोपर सोलून घेतले. अशा वळणावर पाय स्थिर ठेवावेत. चालत्या सायकलीवरून पाय निसटून खाली गेला तर तो सीटखाली ओढला जातो, म्हणून पेडलला पट्टे हवेत. मात्र सुरुवात जमल्यावरच ते लावावेत.

आरे-वारेच्या चढणीवर उभे राहून जोर लावण्याची सोय नाही, त्यामुळे वळण येण्याआधीच गिअर उतरवावा. समोरून एसटी आल्याने मी मध्येच थांबलो आणि पुन्हा निघणे न जमल्यामुळे माथ्यापर्यंत ढकलत गेलो. ढकलताना एक हात सीटच्या पाठीवर ठेवावा, म्हणजे सायकल वाकडी होत नाही. तवसाळच्या जेटीवरचा ओला उतारही असाच पायी उतरलो.

बसण्याची उंची कमी असल्यामुळे मागे उंच काठीला भगव्या रंगाचे निशाण बांधावे. मान वळवून मागे पाहणे अवघड जाते, तेव्हा आरसा हवाच. साखळी साध्या सायकलीच्या दुपटीहून लांब असल्याने तिच्यात वाळूही तितकीच अडकते; मुक्कामी पोचल्यावर आंघोळीआधी तीच फडक्याने पुसून घ्यावी आणि मगच तेल द्यावे.