गुलमर्ग, स्कीचे बूट आणि माझी सह्याद्रीतली अक्कल

मागच्या फेब्रुवारीत आम्ही दोघं गुलमर्गला जाऊन आलो, मी स्की शिकायला आणि बायको स्नोबोर्ड, आणि तेव्हापासून ट्रेकच्या ग्रुपवर किमान चार जणांनी विचारलंय की सामान काय घेतलंस, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. आधीच सांगतो, आम्ही एक्सपर्ट वगैरे अजिबात नाही, सहा दिवस बेबी स्लोपवर पडलो एवढाच अनुभव. पण पडायचं कसं यापेक्षा घालायचं काय यातच माझ्या जास्त चुका झाल्या, आणि गंमत म्हणजे बहुतेक सगळ्या पंधरा वर्षं सह्याद्रीत फिरल्यामुळे झाल्या.

पहिली चूक पुण्यातच. सगळं बजेट जॅकेटवर. डेकॅथलॉनमध्ये तासभर उभा राहून दहा हजार मिलिमीटर वॉटरप्रूफ, काखेत हवा जायला चेन, कमरेला बर्फ आत जाऊ नये म्हणून आतून इलॅस्टिकचा पट्टा असं सगळं बघून घेतलं आणि पँटच्या वेळी मात्र म्हटलं पावसाळी ट्रेकची आहे की, तीच चालेल. अरे पण नवशिक्या माणसाचं जॅकेट बर्फाला लागतंच किती? लागतं ते बूड! पहिल्या दिवशी अकरा वाजेपर्यंत पँट आतून ओली, आणि बायकोचं तर विचारूच नका, कारण स्नोबोर्डवाल्यांना पाय बाइंडिंगमध्ये (म्हणजे बूट बोर्डला किंवा स्कीला धरून ठेवणारी पकड) अडकवायलाच बहुतेक वेळा बर्फात बसावं लागतं. दुपारी दोघांनी मुकाट्याने भाड्याच्या जाड स्की पँटी घेतल्या, ज्यांना खाली घोट्याशी आतून रबरी झालर असते, ती बुटावर ओढून घ्यायची म्हणजे बर्फ आत जात नाही.

आतलं मात्र बरोबर केलं होतं. कॉटनला हात लावायचा नाही हे हरिश्चंद्रगडाच्या पावसाने आधीच शिकवलंय, घाम जिरला की कॉटन सुकतच नाही आणि थांबलं की कुडकुडायला होतं. म्हणून अंगाला चिकटून पॉलिएस्टरचं थर्मल, वर पातळ फ्लीस, वर जॅकेट. पडून उठून पडून उठून इतका घाम येतो की फ्लीस दहा वाजताच सॅकमध्ये जायचं. जाड स्वेटर घरून नेलेला तो हॉटेलच्या खोलीत बुखारी म्हणजे काश्मिरी शेगडीशेजारी बसून चहा पिताना कामी आला, उतारावर एकदाही नाही.

आता मुख्य, बूट. ट्रेकिंगचा बूट आपण कायम अर्धा नंबर मोठा घेतो, उतरताना बोटं पुढे आपटू नयेत म्हणून, आणि आत जाड मोजे. मी तेच डोकं इथे लावलं. स्कीच्या बुटाचा नंबर म्हणजे सरळ पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये, त्याला माँडो म्हणतात, आणि माझं पाऊल भिंतीला टाच लावून मोजलं तर साडेसव्वीस. पण ते मोजलं तिसऱ्या दिवशी! पहिल्या दिवशी भाड्याच्या दुकानात गर्दी होती, मी साडेसव्वीस घालून बघितला, बोटं पुढे टेकली, लगेच म्हटलं छोटा होतोय, आणि साडेअठ्ठावीस घेऊन दोन लोकरी मोज्यांवर चढवला. काय आरामदायक वाटला म्हणून सांगू, चप्पलच.

बर्फावर गेल्यावर कळलं. मी गुडघा वाकवून वळायला बघायचो, पाय बुटातल्या बुटात वळायचा आणि स्की आपली सरळ चाललेली. टाच वर उचलली जायची, नडगी पुढच्या कडेवर आपटायची, आणि मग घट्ट करायला बकल आवळायचो तर पाय बधिर. बधिर झाला की थंडी वाजते, म्हणून मी तिसरा मोजा घालायच्या विचारात होतो, खोटं नाही सांगत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उजव्या अंगठ्याचं नख निळं.

तिसऱ्या दिवशी दुसऱ्या दुकानात गेलो. तिथे फेरन म्हणजे काश्मिरी सैल झगा घातलेले एक वयस्कर चाचा होते, त्यांनी माझे मोजे बघितले आणि काही न बोलता दोन्ही काढायला लावले. मग बुटातला मऊ आतला बूट ओढून काढला, नुसत्या प्लास्टिकच्या कवचात माझा पाय ठेवला, बोटं पुढे जेमतेम टेकवायला सांगितली आणि टाचेमागे स्वतःची बोटं घालून बघितली. माझ्या जुन्या बुटात तीन बोटं आरामात गेली, साडेसव्वीसच्या बुटात जेमतेम दीड. "बस, यही है आपका." मग आतला बूट परत घातला, गुडघ्यापर्यंतचा एकच पातळ मोजा, आणि "एडी मारो, ज़ोर से" म्हणून टाच जमिनीवर दोनदा आपटायला लावली म्हणजे पाय मागे बसतो. तरी मी म्हटलंच, चाचा बोटं लागतायत. ते म्हणाले घुटना आगे करो. गुडघा पुढे दाबला, नडगी बुटाच्या जिभेला टेकली आणि बोटं आपोआप मागे सरकली. म्हणजे सरळ उभं राहून बूट ठरवायचाच नसतो!

अजून एक गोष्ट त्यांनी पकडली. माझं थर्मल मी मोज्याच्या आत खोचून बुटात घातलं होतं, त्या शिवणीची घडी नडगीवर बसून लाल वळ उठलेला. बुटात फक्त पाय आणि मोजा, बाकी सगळं बाहेर. आणि रात्री आतला बूट काढून खोलीत वाळवायचा, पण बुखारीला चिकटवून नाही. प्लास्टिक थंडीने कडक होतं, सकाळी गार बूट चढवणं म्हणजे कुस्ती आहे.

बाइंडिंग लावताना वजन विचारतात. मी सवयीने पंचाहत्तर सांगितलं, आहे ब्याऐंशी. बायको शेजारून खोकली. मग कळलं की पडल्यावर बूट स्कीमधून किती जोराला सुटणार ते वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुम्ही कितपत स्की करता यावरून ठरवतात, कमी सांगितलं तर चालू वळणात सुटेल आणि शान मारायला एक्सपर्ट सांगितलं तर पडल्यावर सुटणारच नाही, गुडघा जाईल. तिथे खरं बोला, डॉक्टरपेक्षाही जास्त. स्कीची लांबी हनुवटी ते नाकाच्या मधली घ्या, चाचांनी मला तशीच दिली, लांब स्की नवख्याला वळतच नाही.

बायकोचं सोपं होतं. स्नोबोर्डचे बूट मऊ, चालता येतं, मी आपला बदकासारखा टकटक करत मागून. डावा पाय पुढे की उजवा हे ठरवायला तिला मागून हळूच ढकललं, उजवा पुढे पडला, म्हणजे गूफी. तिच्या बोर्डची बाइंडिंग सुटत नाही, दोन्ही पाय अडकलेले, पडताना हात पुढे जातो, म्हणून मनगटाचे गार्ड तिने पुण्याहूनच नेले होते, मी तेव्हा हसलो होतो. दोन दिवसांत तिच्याच ग्रुपमधल्या एकाचं मनगट सुजलं.

गॉगलचं थोडक्यात, मी सगळ्यात काळी काच घेतली, चौथ्या दिवशी ढग आणि बर्फ सुरू झाला तर पुढचा खड्डा की उंचवटा काही दिसेना. ढगाळ दिवसासाठी फिकी एस वन काच वेगळी लागते. आणि गॉगल कपाळावर चढवून ठेवू नका, घामाने आतून धूसर होतो. हेल्मेटखाली आईने दिलेली माकडटोपी घातली होती, हेल्मेट डोक्यावर गरागरा फिरायला लागलं, काढली.

गोंडोलाच्या म्हणजे केबल कारच्या दुसऱ्या टप्प्यावर, अफरवत डोंगराच्या बाजूला, नुसतं बघायला गेलो. तिथून ऑफ-पिस्ट, म्हणजे आखलेल्या उतारांच्या बाहेरून, उतरणाऱ्यांच्या सॅकमध्ये फावडं, प्रोब (बर्फात खुपसून गाडलेला माणूस शोधायची लांब काठी) आणि छातीला ट्रान्सीव्हर (गाडलं गेल्यास शोधता यावं म्हणून सिग्नल देणारं यंत्र), तो हिमस्खलनाचा इलाका आहे, तो विषय आपला नाही.

पुढच्या वर्षी परत जायचंय. मी बूट आणि पँट विकत घेणार, बाकी सगळं भाड्याने. जॅकेट ज्याला हवंय त्याने ग्रुपवर सांगा, एल साइज आहे, जवळजवळ कोरं. लोकरी मोज्यांचे दोन जोड सोबत फुकट.