ट्रंकेतला वेताळ

"रे बाबू, त्या रद्दीक कोण पैशे दितलो?" असं आईने विचारलं तेव्हा खरं सांगायचं तर माझ्याकडे पण उत्तर नव्हतं.

गेल्या मे महिन्यात घर शाकारायला काढलं, कौलं उतरवली, आणि चुलीच्या बरोबर वरच्या माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक खाली आली. तिच्यावर गेली वीसेक वर्षं आमसुलांची बरणी आणि एक मोडका पाट एवढंच होतं त्यामुळे आत काय आहे हे कोणी बघितलंच नव्हतं. उघडली तर धुराचा वास असा आला की गडी दोन पावलं मागे सरकला. आत धाकट्या काकांची इंद्रजाल कॉमिक्स. मराठी. चौसष्ट.

आता ज्यांचं लहानपण ऐंशीच्या दशकानंतरचं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंद्रजाल कॉमिक्स मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियावाल्या बेनेट कोलमनने सुरू केली, पहिला अंक फँटमचा, म्हणजे जंगलातल्या त्या मुखवटेवाल्या नायकाचा, आणि १९९० पर्यंत ती चालली. अनंत पै, म्हणजे पुढे १९६७ साली अमर चित्र कथा काढणारे, तेही सुरुवातीला ह्याच कामात होते. मूळ फँटम ली फॉकचा, १९३६ चा, अमेरिकेतल्या पेपरात रोज चारेक चौकटी यायच्या, त्या कापून-जोडून इकडे पुस्तकाच्या पानावर बसवायचे. कापाकापी पण मजेशीर होती. मूळ बंगाला नावाचा देश इकडे डेंकाली झाला कारण बंगाल म्हटल्यावर लोकांना भलतंच वाटलं असतं, आणि सिंग नावाचे चाचे होते त्यांचे सिंगा झाले, ते का ते सांगायला नको. आणि मराठीत फँटमचा झाला वेताळ.

हे नाव ज्याने ठेवलं त्याला आमच्या गावाकडचं काही माहीत होतं की नाही देव जाणे. कारण आम्ही पोरं सिंधुदुर्गातल्या शिरोड्याजवळची, आरवलीचा वेतोबा हाकेच्या अंतरावर. ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगतो, वेतोबा म्हणजे वेताळच, पण भुतांचा राजा वगैरे भीतीदायक नाही, गावचा राखणदार. पुरुषभर उंचीहून मोठी उभी मूर्ती, आणि नवस फेडायला लोक काय देतात तर केळ्याचा घड आणि चामड्याच्या चपला. साध्या नाही, हातभर लांब. कारण देव रात्री गावाच्या वेशीवरून फिरतो, राखण करतो, मग चपला झिजणारच ना. देवळात ठेवलेल्या चपलांचे तळवे झिजलेले दिसतात असं आजी सांगायची आणि आम्ही जाऊन खरंच बघायचो.

तर तिकडे अमेरिकेत फँटमला म्हणतात चालतं भूत. पिढ्यान् पिढ्या मरत नाही असं लोक मानतात, जंगलाची राखण करतो. आम्हाला काही समजावून सांगायलाच लागलं नाही. माझी तर पाच-सहा वर्षांचा असताना पक्की समजूत होती की हे आपल्याच वेतोबाचं मुंबईत छापलेलं पुस्तक आहे, फक्त तिकडे गेल्यावर त्याने चपला सोडून बूट घातले. मुंबईला गेलेला कोण बूट घालत नाही!

काका लालबागला असायचे, गिरणीत. गणपतीला आणि मे महिन्यात यष्टीतून उतरले की पिशवीत खाऊ आणि खाली पेपरात गुंडाळलेले अंक. काही नवे, काही फुटपाथवरून घेतलेले जुने, साठच्या दशकातले. आम्ही सात चुलत भावंडं आणि अंक चार-पाच, म्हणजे मारामारी. म्हणून प्रत्येकाने मिळेल त्या अंकावर बॉलपेनने नाव टाकायचं, कव्हरवरच, वेताळाच्या छातीवर. एका अंकावर चार नावं आहेत, दोन खोडलेली. आमच्या जमिनीचा सातबारा पण असाच आहे म्हणा.

बरं, मुद्दा ह्यातले काही अंक मी लिलावात विकले त्याचा.

मी काय केलं तर अंक बघून इतका खुश झालो की पहिल्याच दिवशी सगळे अंगणात वाळत घातले. उन्हात. मे महिन्याच्या. आमसुलं घालतात तसे रांगेत, वर एकेक दगड. संध्याकाळपर्यंत कव्हरं पापडासारखी वळली आणि लाल रंगाचा गुलाबी झाला. मग फाटलेले होते त्यांना सेलोटेप लावली, अकरा अंकांना, व्यवस्थित, दोन्ही बाजूंनी. पिना गंजलेल्या, इकडे हवाच खारट, त्या काही काढून नव्या स्टेपल मारल्या. एवढं सगळं करून फोटो काढले आणि एका ओळखीच्या ओळखीने पुण्यातल्या एका जुन्या संग्राहकांना पाठवले. दोन मिनिटात फोन. "साहेब, आता कशालाही हात लावू नका. प्लीज. काहीच करू नका." असा आवाज की जणू मी पेशंटच्या नाकातली नळी काढली होती.

मग त्यांनी तासभर शाळा घेतली ती इथे लिहून ठेवतो, कोणाच्या माळ्यावर अशी ट्रंक असेल तर उपयोगी पडेल. हा कागद साधा न्यूजप्रिंट, त्यात लाकडाचं लिग्निन तसंच असतं, ते हवा-उजेड लागला की आम्ल धरतं, पान पिवळं पडतं, मग तपकिरी, मग कुरकुरीत होऊन तुटतं. उन्हाने हेच काम लवकर होतं. सेलोटेपचा डिंक काही वर्षांत कागदात उतरतो, टेप गळून पडते, तपकिरी पट्टा तसाच राहतो. गंजलेली पीन अस्सल असते, नवी पीन म्हणजे छेडछाड, गिऱ्हाईक लगेच विचारतो की मधलं पान दुसऱ्या अंकातलं घातलंय का. आणि लॅमिनेशन केलंत तर संपलंच. ठेवायचं तर आडवं, मागे आम्ल नसलेला पुठ्ठा, वर मायलरची, म्हणजे पॉलिएस्टरची, पिशवी, बाजारात मिळणारी साधी पीव्हीसीची नको कारण ती स्वतःच वायू सोडते आणि शाईला चिकटते. डब्यात सिलिका जेल, आणि आमच्यासारख्या ठिकाणी ते पावसाळ्यात सारखं बदलायचं. इकडे वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस, जून ते सप्टेंबर भिंतीलाच मिशा फुटतात तिथे कागदाचं काय घेऊन बसलात.

मग हे चौसष्ट टिकले कसे? चुलीमुळे. रोजची धग आणि धूर, ना ओल, ना वाळवी, ना कसर. तपकिरी झाले, वास लागला, पण पानं शाबूत. ते पुण्याचे गृहस्थ म्हणाले कोकणातून आलेला साठच्या दशकातला मराठी अंक त्यांनी फार कमी वेळा बघितलाय. म्हणजे तेव्हा कोणी घेतले नाहीत असं नाही, घेतले ते कुजले.

नंतर नोव्हेंबरात बातमी वाचली, कॅलिफोर्नियात तीन भावांना आईच्या माघारी माळ्यावर जुन्या पेपरांच्या ढिगात १९३९ चा सुपरमॅनचा पहिला अंक सापडला, तो हेरिटेज नावाच्या लिलाववाल्यांकडे ९१ लाख डॉलरच्या पुढे गेला. तिकडची थंड हवा म्हणून टिकला म्हणे. ग्रेड ९. ही ग्रेड म्हणजे सीजीसी नावाची कंपनी आहे, ती अंक तपासून ०.५ ते १० मध्ये आकडा देते आणि प्लॅस्टिकच्या कडक पेटीत सील करते. मग तो अंक कोणी उघडत नाही. नुसता बघायचा आणि विकायचा. मला ह्यातलं कौतुक कळतं पण पटत नाही, शहाळं आणून फ्रीजवर ठेवून द्यायचं आणि आलेल्या-गेलेल्याला दाखवायचं, तसलं काहीतरी. आमच्या चार नावांच्या अंकाला त्यांनी किती दिला असता? पेटी पण वाया घालवली नसती.

लिलाव मात्र आम्हाला नवा नाही. मासळीचा रोज बघतो. आणि देवळातला. जत्रेला, उत्सवाला देवाला आलेली फळं, नारळ, घड ह्यांचा लिलाव होतो, गोव्याच्या बाजूला त्याला पावणी म्हणतात. बाजारातला साधा नारळ तिथे हजारांत जातो, कारण समोरासमोर दोन घरं असतात ज्यांचं बांधावरून वीस वर्षं बोलणं नाही. तिसरा माणूस बोली लावतच नाही, फक्त मजा बघतो. मला वाटायचं कॉमिक्सवाले लोक जाणकार, तिकडे कायतरी शास्त्र असेल. शास्त्र आहेच, पण ते सुरुवातीच्या बोलीपुरतं. पुढे नारळच.

कॉमिक्सवाल्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लिलावाला घातले, सगळे नाही, बावीस. नियम साधे, रात्री ९ ला सुरू, १० ला बंद, शेवटच्या पाच मिनिटात बोली आली तर वेळ आणखी पाच मिनिटं वाढणार, नाहीतर लोक शेवटच्या सेकंदाला उडी मारतात. विकणाऱ्याने स्वतः किंवा मित्राकडून भाव चढवला तर ग्रुपबाहेर. आणि दोष सगळे आधी सांगायचे, फोटोसकट. मी ते इतकं प्रामाणिकपणे लिहिलं की बहुतेक जास्तच झालं, "धुराचा वास, चार नावं, उन्हाने फिका, टेप लावली आहे, क्षमस्व." एकाने विचारलं कव्हर कलर झेरॉक्स तर नाही ना, तसं पण करतात म्हणे, आतली पानं जुनी आणि कव्हर नवं. भिंगाखाली बघा म्हणाला, जुन्या छपाईत रंगाचे ठिपके ओळीने वेगवेगळे दिसतात. बघितले, दिसले. आजीच्या पोथी वाचायच्या भिंगातून.

साडेनऊला पाऊस, लाईट गेली, रेंज गेली. गाडी काढली आणि सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर, जाऊन थांबलो, काचेवर धबधबा, हातात मोबाईल, चौदा टक्के बॅटरी. जो अंक मी सगळ्यात चांगला समजत होतो, १९७९ चा, जवळजवळ कोरा, तो तीनशेला गेला. तसे भरपूर आहेत म्हणे बाजारात. बहादूरचे दोन होते, आबिद सुरतींचा तो चंबळवाला १९७६ पासूनचा हिरो, ते पाचशे-सहाशे. आणि तो साठच्या दशकातला, चार नावांचा, टेपवाला, आठशेपासून सुरू झाला आणि दोघंजण लागले. एक कोल्हापूरचा, एक बेंगळुरूचा. दहाला संपायचा तो दहा पस्तीसला संपला, ९,४०० रुपयांवर. दोघांनाही मालिका पूर्ण करायला तेवढा एकच नंबर हवा होता. कसाही चालेल, नुसता हवा. ग्रुपवर बाकी सगळे गप्प, मधूनच कोणीतरी टाळ्यांचा इमोजी. हुबेहूब देऊळ.

विकायच्या आधी मी तारखेप्रमाणे लावले होते सगळे. तेव्हा लक्षात आलं की शेवटचा अंक डिसेंबर १९८१ चा आहे. त्याच्यापुढे एक पण नाही. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा, मला आठवतं पुढच्या मे महिन्यात काका आले ते रिकाम्या हाताने, आणि आम्ही पोरांनी तोंडं वाकडी केली होती, मी तर बोललो पण होतो काहीतरी. गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. ते परत गेलेच नाहीत, वेंगुर्ल्याला काजूच्या कारखान्यात लागले. लग्न केलं नाही. इंद्रजाल तिकडे अजून आठ-नऊ वर्षं निघत होतं, आम्ही पुढचे कधी मागितले नाहीत आणि त्यांनी सांगितलं नाही. त्या डिसेंबरच्या अंकावर कोणाचंच नाव नाहीये. तो विकायला काढला नाही.

पार्सल करताना दोन्ही बाजूंना पुठ्ठा, वर प्लॅस्टिक, त्यावर परत प्लॅस्टिक, पोस्टात बाई म्हणाल्या काय पापड पाठवतास काय. अंक कोल्हापूरला पोचला. त्याचा मेसेज आला, "मिळाला. घरभर चुलीचा वास. बायको विचारते गावाहून कोण आलंय."

पैसे झाले एकूण साडेअठरा हजार आणि तिथून खरी गंमत. काका गेले, मूलबाळ नाही, म्हणजे ट्रंक सामाईक. सात भावंडांचा ग्रुप आहे, एरवी तिथे गुड मॉर्निंग सोडून काही नसतं, त्या दिवशी एकशे बारा मेसेज. ठाण्याची ताई म्हणाली मला काही नको. डोंबिवलीच्या भावाने ९,४०० वाल्या अंकाच्या फोटोवर गोल करून पाठवला, न खोडलेल्या दोन नावांत त्याचं एक आहे. दुसरं माझं. मी म्हटलं आईला विचारतो. आई म्हणाली, "वेताळाचे पैशे मां? मगे वेतोबाक घड घाला आनि उरतले ते कौलांक." ह्यावर कोणाला काही बोलता येईना.

घड घातला. मोठा घेतला मुद्दाम, मी आणि गडी दोघांनी उचलून नेला. ग्रुपवर फोटो टाकला. ताईने हात जोडले. डोंबिवलीवाल्याने दोन तासांनी विचारलं, "किती फण्यांचा होता?"