पासष्ट किलो मातीचा परवाना: हिमालयातील जंगलाचा कार्बन मोजतानाचा माझा अनुभव

पीएचडीच्या कामासाठी मी गढवालमध्ये २,६०० ते ३,३०० मीटर उंचीवरील खरसूच्या जंगलात २४ प्लॉट, म्हणजे मोजणीसाठी आखलेले तुकडे, घातले. खरसू म्हणजे हिमालयाच्या वरच्या भागात वाढणारा सदाहरित ओक. त्याच्यासोबत बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉन) असतो, मधूनच थुनेर (हिमालयी यू) दिसतो आणि आणखी वर गेले की भोजपत्राची झाडे सुरू होतात. हे जंगल किती कार्बन साठवून आहे आणि दरवर्षी त्यात किती भर घालते, हे मोजायचे होते. झाडांची मोजणी ठरल्याप्रमाणे पार पडली. अडले ते मातीपाशी, तेही खड्डे खणताना नव्हे, तर पिशव्या भरून झाल्यावर. माती हलवण्याच्या परवान्यासाठी गेलेल्या तेवीस दिवसांची चीड अजून गेलेली नाही. याच कामाला निघालेल्या दुसऱ्या कोणाचे तेवढे दिवस तरी वाचावेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

जंगलाचा कार्बन पाच ठिकाणी मोजतात: झाडाचा जमिनीवरचा भाग, मुळे, पडलेले लाकूड, पालापाचोळा आणि माती. आपल्याला डोळ्यांसमोर झाड दिसते म्हणून सगळे लक्ष खोडाकडे जाते; परंतु भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांनुसार देशातील वनांच्या एकूण कार्बनपैकी निम्म्याहून अधिक साठा मातीत आहे. उंचावर थंडीमुळे पाने आणि मुळे कुजण्याचा वेग मंदावतो, त्यामुळे वर्षानुवर्षे साचलेला कार्बन तिथल्या काळ्या, भुसभुशीत थरात टिकून राहतो. अशा ठिकाणी माती वगळून केलेली मोजणी अर्धवट राहते, आणि नेमकी तीच माती माझ्या हातात असूनही मला हलवता येत नव्हती.

प्रत्येक प्लॉटमध्ये तीन खड्डे आणि प्रत्येक खड्ड्यातून दहा-दहा सेंटिमीटरचे तीन थर, अशा २१६ पिशव्या झाल्या. एकेका पिशवीत साधारण ३०० ग्रॅम, म्हणजे एकूण ६५ किलो माती. ‘मापन व नमुना संकलन’ असे स्पष्ट लिहिलेला परवानगीचा आदेश माझ्याकडे होता, म्हणून मी निर्धास्त होते. १२ जूनला गाडी ठरवून पिशव्या खाली आणायला निघाले, तेव्हा वनरक्षकाने अतिशय सभ्यपणे सांगितले की संकलनाची परवानगी आहे, वाहतुकीची नाही. त्याचे म्हणणे कायद्याला धरून होते. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या व्याख्येप्रमाणे वनातून आणलेली वरच्या थराची मातीसुद्धा वनोपजच ठरते आणि वनोपज हलवायला परवाना लागतो. जंगलाची माती ट्रक भरभरून चोरीला जाऊ नये म्हणून ही तरतूद आहे आणि ती असायलाच हवी. माझी तक्रार तिच्याबद्दल नाही. माझी तक्रार परवाना देणाऱ्या कार्यालयातील अर्जाबद्दल आहे, कारण तो केवळ ट्रकवाल्यांसाठी तयार केलेला होता.

अर्जात पहिला रकाना परिमाणाचा, तोही घनमीटरमध्ये. मी हिशेब करून ०.०७ लिहिले. टेबलावरच्या लिपिकाने तो आकडा बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाला, “मॅडम, इथे पूर्ण आकडा लागतो.” एक लिहिला तर मी नेत नसलेल्या मातीची नोंद माझ्या नावावर होणार होती, म्हणून मी नकार दिला. पुढचे रकाने होते खाणीचे ठिकाण, खरेदीदाराचे नाव आणि स्वामित्वशुल्क भरल्याची पावती. मी प्रत्येकापुढे ‘लागू नाही’ असे लिहिले. चार दिवसांनी अर्ज ‘अपूर्ण’ असा शेरा घेऊन परत आला. दुसऱ्यांदा दिला तेव्हा सही करणारे अधिकारी दौऱ्यावर होते. तिसऱ्यांदा गेले तेव्हा आवक क्रमांक सापडत नव्हता, कारण मागच्या वेळी पोच घ्यायची मी विसरले होते. ती चूक माझी होती आणि तिने माझे पाच दिवस खाल्ले. पोच घेतल्याशिवाय कोणत्याही टेबलावर कागद ठेवू नका.

दिवस वाया जाणे एवढेच दुखणे असते, तर मी गप्प बसले असते. ओली माती पिशवीत बंद करून ठेवली की तिच्यातील सूक्ष्मजीव आपले काम चालूच ठेवतात. ते मातीतला सेंद्रिय कार्बन खातात आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात. मला जे मोजायचे होते तेच पिशवीत हळूहळू घटत होते. म्हणून सगळी माती सावलीत वाळवणे भाग पडले आणि जूनच्या अखेरीस पाऊस येऊन ठेपला. मी ज्यांच्या घरी राहत होते त्या दीदींनी माझी तगमग पाहिली. “भुली, चुलीच्या वरच्या माळ्यावर ठेव, दोन दिवसांत खडखडीत होईल,” असे त्या म्हणाल्या. (तिकडे धाकट्या बहिणीला भुली म्हणतात.) उपाय प्रेमाचा होता, पण चुलीचा धूर म्हणजे काजळी आणि काजळी म्हणजे कार्बनच. ते समजावून सांगितल्यावर त्यांनी धान्याची खोली रिकामी करून दिली. जमिनीवर वर्तमानपत्रे अंथरून मी २१६ नमुने पातळ पसरले, प्रत्येकाजवळ त्याची चिठ्ठी दगडाखाली ठेवली आणि रोज दोनदा हाताने परतले. शेणाने सारवलेल्या जमिनीचा कणही नमुन्यात मिसळू नये म्हणून कागदाखाली प्लास्टिक घातले होते. माती काळ्याची करडी झाली, मुठीत दाबली तरी गोळा होईना, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

मार्ग निघाला तो रेंजच्या, म्हणजे वनपरिक्षेत्राच्या, पातळीवर. तिथल्या एका अधिकाऱ्याने सुचवले की घनमीटरच्या रकान्यात अडकू नका. साध्या कागदावर नमुन्यांची संख्या, एकूण वजन आणि प्रयोगशाळेचा पत्ता लिहा, ‘व्यापारी मूल्य नाही’ असे विभागप्रमुखांच्या सहीचे पत्र जोडा आणि पोती आमच्यासमोर शिवून मोहोर लावून घ्या. पत्र पुण्याहून दोन दिवसांत आले. ५ जुलैला परवाना हातात पडला आणि त्याच दुपारी गाडी डेहराडूनकडे निघाली. वाटेतल्या तपासणी नाक्यावर पोत्यांची मोहोर पाहून अर्ध्या मिनिटात सोडले, तेव्हा मला खरोखर रडू आले.

त्यामुळे सर्वांत महत्त्वाची सूचना ही, की पहिल्या अर्जातच ‘संकलन, वाहतूक व प्रयोगशाळेतील तपासणी’ असे तिन्ही शब्द घाला आणि नमुन्यांची कमाल संख्या व वजन लिहून द्या. मंजूर आदेशाच्या प्रती सोबत बाळगा; एक रेंजमध्ये आणि एक वनरक्षकाकडे द्या.

झाडांबद्दलही काही सांगायचे आहे. खोडाचा घेर १.३७ मीटर उंचीवर मोजतात. उतारावर ती उंची झाडाच्या चढाकडच्या बाजूला उभे राहून धरायची. प्लॉटचे क्षेत्र सपाटीवरचे धरले जाते, म्हणून ०.१ हेक्टरच्या गोल प्लॉटची १७.८४ मीटर त्रिज्या ३० अंशांच्या उतारावर, चढाच्या दिशेने टेप धरल्यास, सुमारे २०.६ मीटर भरते. हे विसरले तर प्लॉट लहान पडतो आणि दर हेक्टरी साठा कमी दिसतो. चाऱ्यासाठी फांद्या छाटलेला खरसू वेगळा नोंदवा, कारण घेरावरून वजन काढण्याची सूत्रे पूर्ण पर्णसंभार असलेल्या झाडांवर बेतलेली असतात. दगडांचा वाटा तर न चुकता मोजा. समजा मातीत ४ टक्के कार्बन, घनता दर घनसेंटिमीटरला ०.९ ग्रॅम आणि खोली ३० सेंटिमीटर, तर हेक्टरी १०८ टन कार्बन येतो. त्याच थराचा पाचवा हिस्सा दगडांचा असेल तर तोच आकडा ८६ टनांवर उतरतो. उंचावरच्या उथळ, दगडाळ मातीत ही चूक सहज होते.

हा झाला साठा. दरवर्षीचे शोषण एका भेटीत कळत नाही. वायूंची देवाणघेवाण थेट मोजणारे मनोरे असतात. परंतु तीव्र उतारावर रात्री थंड हवा दरीकडे वाहते, जंगलाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड सोबत घेऊन जाते आणि मनोऱ्याच्या नोंदीतून तो निसटतो. म्हणून मी जुनाच मार्ग धरला. प्रत्येक झाडाला क्रमांकाची ॲल्युमिनियमची पट्टी बांधली, मोजणीच्या उंचीवर रंगाची रेघ ओढली आणि पाच वर्षांनी तीच झाडे पुन्हा मोजायचे ठरवले. दोन मोजण्यांमध्ये वाढलेल्या लाकडाच्या कोरड्या वजनाचा ०.४७ हिस्सा कार्बन धरतात आणि त्याला ३.६७ ने गुणले की हवेतून घेतलेला कार्बन डायऑक्साइड मिळतो. मेलेल्या आणि तोडलेल्या झाडांचीही नोंद ठेवावी लागते.

दुसऱ्या फेरीचा अर्ज मी गेल्या महिन्यात दिला, पोच घेऊन. मंजुरीच्या आदेशात सातव्या ओळीत ‘वाहतूक’ हा शब्द आहे, आणि त्यापुढे २१६ नमुने, ६५ किलो.