मशाल आली आणि साइट बंद

म्वेंगे, म्हणजे मशाल, येणार म्हणून टांझानियातल्या आमच्या पाणीयोजनेच्या साइटवरचं काम बंद पडलं. चर उघडा, पाइप काठावर, आणि सगळी माणसं दगडांना चुना फासायला जुंपलेली. मंत्र्याच्या दौऱ्याआधी आपल्याकडे रातोरात रस्ता होतो, त्यातलाच प्रकार. फक्त इथे मंत्र्याऐवजी मशाल येते. टांझानियाच्या स्वातंत्र्याची ही मशाल दरवर्षी जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरते आणि १४ ऑक्टोबरला, देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष न्येरेरे यांच्या पुण्यतिथीला, तिचा दौरा संपतो. वाटेत शाळा, दवाखाने, पाणीयोजना यांची उद्घाटनं उरकली जातात.

उरकली जातात, असं मला वाटलं होतं. मशालीबरोबरच्या तुकडीचा प्रमुख एक तरुण होता. त्याने आधी कागद मागितले. मग टाकीच्या भिंतीला टेप लावून जाडी मोजली, हायड्रो टेस्टचा (पाणी भरून गळती तपासण्याचा) रिपोर्ट उलटसुलट पाहिला आणि एका पानावर सल्लागाराची सही नाही म्हणून भर मांडवात सगळ्यांना झापलं. समोर शाळेची पोरं, नाचणाऱ्या बायका, लाउडस्पीकर. कागदात खोट निघाली तर ही मंडळी उद्घाटनच नाकारतात आणि दुसऱ्या दिवशी ते पेपरात छापून येतं. आमचं निभावलं. पण ज्याला पाइपचा व्यास आणि जाडी यातला फरक ठाऊक असेल की नाही कोण जाणे, त्याने इंजिनिअरला उभं करून प्रश्न विचारावेत? जेवताना मी यावर भरपूर बडबडले.

आमच्या स्टोअरमध्ये एक वयस्कर गृहस्थ आहेत. सगळे त्यांना म्झे म्हणतात, मीही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ही मशाल आम्ही फक्त आमच्यासाठी पेटवलेली नव्हती, मामा." (इथे माझ्या वयाच्या बाईला मामाच म्हणतात, हसू नका.)

खरं आहे ते. देश पारतंत्र्यात असतानाच, १९५९ साली, न्येरेरे म्हणाले होते की किलिमांजारोच्या माथ्यावर दिवा लावू आणि त्याचा उजेड आमच्या सीमेपलीकडे पडेल. ९ डिसेंबर १९६१ला स्वातंत्र्य मिळालं आणि लेफ्टनंट अलेक्झांडर न्यिरेंडा यांनी शिखरावर झेंडा आणि मशाल रोवली. वाक्य छान आहे, पण छान वाक्यं त्या काळात सगळेच नेते बोलत. या माणसाने त्याची किंमत मोजली. ऱ्होडेशियातल्या (आजच्या झिंबाब्वेतल्या) गोऱ्यांनी १९६५मध्ये परस्पर स्वातंत्र्य जाहीर केलं, ब्रिटन हातावर हात ठेवून बसलं, तेव्हा न्येरेरेंनी ब्रिटनशी संबंधच तोडले. ७५ लाख पौंडांचं कर्ज त्यात अडकलं. देश नवा, तिजोरी रिकामी, आणि हा बाणेदारपणा! आफ्रिकी एकता संघटनेच्या मुक्ती समितीचं मुख्यालय दार-ए-सलाममध्ये होतं. मोझांबिकच्या स्वातंत्र्यासाठी लढणारी फ्रेलिमो ही संघटना स्थापन झाली तीही दारमध्येच, आणि तिचे नेते एदुआर्दो मोंडलाने १९६९ साली पार्सल बॉम्बने मारले गेले तेही तिथेच.

आणि माझिम्बू तर मी राहते त्या मोरोगोरोला लागूनच. १९७६च्या सोवेटोतल्या शाळकरी मुलांच्या उठावानंतर दक्षिण आफ्रिकेतली पोरं सीमा ओलांडून पळाली. टांझानियाने सिसलचा (दोरखंडाच्या धाग्याचं पीक) एक जुना मळा एएनसीला, म्हणजे वर्णद्वेषाविरुद्ध लढणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसला, देऊन टाकला आणि तिथे त्यांची शाळा उभी राहिली. नाव सॉलोमन माहलांगूचं, ज्याला वर्णद्वेषी सरकारने १९७९मध्ये बाविसाव्या वर्षी फासावर दिलं. आता तिथे सोकोइने कृषी विद्यापीठाची मुलं शिकतात. आवारात कबरस्तान आहे, घरी परतायला न मिळालेल्या दक्षिण आफ्रिकी माणसांचं.

"भारताने काय दिलं?" म्झेंनी विचारलं.

आता मात्र माझा पारा चढला. १९४६ साली, आपण स्वतः स्वतंत्र व्हायच्या आधी, दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणारा जगातला पहिला देश आपला! आपल्या निर्यातीतला ५ टक्क्यांच्या आसपासचा वाटा होता तो. १९६७मध्ये दिल्लीत एएनसीचं कार्यालय. आणि १९७४ची डेव्हिस कप फायनल! अमृतराज बंधूंचा संघ फॉर्मात होता. सरकारने सांगितलं, खेळायचं नाही, आणि कप दक्षिण आफ्रिकेला आयता गेला. आपण तो आजतागायत जिंकलेला नाही.

टेनिसचं ऐकून म्झे हसले. त्यांच्या लहानपणी रुवुमा नदीच्या बाजूला, त्यांच्या घरात मोझांबिकहून पळून आलेलं एक कुटुंब राहायला होतं. मक्याचं पीठ दोन्ही चुलींना मोजून जायचं.

मग मी १९७१ काढलं. एक कोटी निर्वासित, आणि प्रत्येक पत्रावर ५ पैशांचं जादा तिकीट. आमची सीमा दक्षिण आफ्रिकेला लागून नव्हती, हा काय आमचा दोष? ज्यांची लागून होती त्यांना आम्ही सांभाळलंच. १९४६ची संयुक्त राष्ट्रांतली आपली तक्रार मुख्यतः तिथल्या भारतीयांच्या हालांबद्दल होती, हे मी त्यांना सांगितलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

इथल्या भारतीयांचा विषयही मी टाळला. दारमधल्या दगडी इमारतींवर गुजराती नावं आणि सालं अजून कोरलेली दिसतात. १९७१मध्ये सरकारने अशा भाड्याच्या इमारती ताब्यात घेतल्या आणि बरीच कुटुंबं ब्रिटन-कॅनडाला गेली. अन्याय झाला, असं तिथले जुने लोक म्हणतात. आफ्रिकी नोकराला ते कसं वागवत, हे दुसरे जुने लोक सांगतात. त्या दुकानदारांत मराठी माणूस फारसा नव्हता, हे मी इथे नोंदवून ठेवते. रस्त्यावर मात्र सगळे एकाच मापाचे मुहिंदी, म्हणजे भारतीय.

शेवटी गाडी कर्जावर आली. चीनने १९७० ते १९७५मध्ये दारपासून झांबियातल्या कपिरी म्पोशीपर्यंत १,८६० किलोमीटर रेल्वे बांधून दिली, बिनव्याजी कर्जावर. मी म्हटलं, आमच्या एक्झिम बँकेचे ५० कोटी डॉलर इथल्या २८ शहरांच्या पाण्याला लागलेत. व्याज आहे का, त्यांनी विचारलं. सवलतीचं आहे, मी म्हटलं. ती चिनी रेल्वे, ताझारा, आज कशी रडतखडत चालते, तेही ऐकवलं. त्यांचं म्हणणं, तिने झांबियाचं तांबं ऱ्होडेशियाच्या तावडीतून सोडवलं, तिचं काम तेव्हाच झालं. दोन्ही खरं आहे. माझं थोडं जास्त, कारण पाणी रोज लागतं.