आडत्याला वळसा घालताना

2014 साली सासवडकडच्या सात शेतकऱ्यांची भाजी पुण्यातल्या तीन सोसायट्यांत पोचवायला लागलो, तेव्हा आमच्याकडे ॲप होतं, भाड्याचा टेम्पो होता. परवाना नव्हता, नुसता अर्ज केलेला. 1963 च्या बाजार समिती कायद्यानुसार समितीच्या आवाराबाहेर, म्हणजे यार्डाबाहेर, घाऊक खरेदी करायची तर थेट पणनाचा (शेतकऱ्याकडून सरळ माल घेण्याचा) परवाना लागे, आणि माल यार्डाचं तोंडही न बघता गेला तरी समितीचा सेस, म्हणजे बाजार फी, सुटत नसे. एका पहाटे एका बाजार समितीच्या भरारी पथकाने टेम्पो अडवला. दंड भरून सुटेपर्यंत अकरा वाजले. कोथिंबिरीने केव्हाच मान टाकली होती.

यार्डातल्या गाळ्यांवरचे आडते, म्हणजे कमिशन घेऊन शेतकऱ्याचा माल विकून देणारे, आधी आम्हाला हसायचे. मग शेतकऱ्यांना निरोप गेला: त्यांना माल दिलात तर उरलेला इकडे आणू नका. सातातले चार गळाले.

त्याच वर्षी डिसेंबरात, आडत (आडत्याचं कमिशन) शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्या, असा आदेश निघाला. व्यापारी खवळले आणि लगेच स्थगिती आली. जुलै 2016 मध्ये मात्र थेट अध्यादेश निघाला. फळं-भाजीपाला आवाराबाहेर नियमनमुक्त, म्हणजे समितीच्या नियंत्रणातून मोकळा, आणि आवारात आडत खरेदीदाराने द्यायची. व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले. त्या दिवसांत आम्हाला फोन खाली ठेवायला उसंत नव्हती.

आता शेतकऱ्यांची रीघ लागेल असं वाटलं होतं. कसली रीघ! पुरंदरच्या एका अण्णांनी बांधावरच सुनावलं, "तुम्ही निवडून दहा कॅरेट नेणार. राहिलेले तीस मी कुठं घालू? आन् पोरीच्या लग्नाला उचल तुमचं ॲप देणार व्हय?"

आडत्याची पकड कायद्यात नव्हतीच. डागी, बारीक, कसाही असो, तो आलेला सगळा माल विकून द्यायचा आणि अडीनडीला पैसे काढून द्यायचा. ॲप बनवणाऱ्या आम्हा तिघा इंजिनिअरांच्या हे गावीही नव्हतं.

पुढचं दीड वर्ष शेतातला सगळा वाटाणा, सगळा टोमॅटो उचलायला शिकण्यात गेलं. दुसऱ्या प्रतीचा माल खानावळींना आणि पोळी-भाजी केंद्रांना लावला. पट्टीचे (विकल्या मालाच्या हिशेबाचे) पैसे त्याच संध्याकाळी खात्यावर. उचल आम्ही देत नाही. बियाण्याचं, खताचं बिल दुकानात भरतो आणि पट्टीतून वळतं करून घेतो. (माझी बायको म्हणते, यालाच उचल म्हणतात.)

2020 च्या टाळेबंदीत मार्केट यार्ड बंद पडलं आणि सोसायट्यांचे सेक्रेटरी स्वतःहून याद्या पाठवू लागले. गिऱ्हाईक तिप्पट झालं, त्यात आमची हुशारी काही नव्हती. वर्षभरात त्यातलं निम्मं परत गेलंही.

आज 140 शेतकरी आहेत, आणि ऑर्डरी ॲपपेक्षा व्हॉट्सॲपवरच जास्त येतात. एखाद्या दिवशी माल अंगावर आला की तो यार्डात त्याच जुन्या गाळ्यावर जातो. शेठ चहा मागवतात. मागच्या आठवड्यात त्यांच्या मुलाने विचारलं, तुमच्या ॲपवर आमचा गाळा घालता येईल का? मी अजून काही बोललेलो नाही.